कातकाम, पोकळ लाकडी

फिरत्या लाकडावर स्थिर हत्यार धरून त्यास गोल आकार देण्याच्या कलेस कातकाम व ती करणाऱ्या कारागिरास कातारी म्हणतात. मराठवाड्यात व उर्दू-हिंदी भाषिक कारागिरांत यासाठी खराद व खरादी हे अरबी-फार्सी परंपरेतून आलेले शब्दही रूढ आहेत. कातकामाच्या वस्तूंचे भरीव व पोकळ असे दोन वर्ग पडतात. लाटणे, रवी, भोवरा, पलंगाचे पाय या भरीव वस्तू होत. कुंकवाचा करंडा, डबी, वाडगा, ढोलकीचे व पखवाजाचे खोड या पोकळ. दिसण्यात फरक थोडा असला, तरी कारागिराच्या दृष्टीने ही दोन भिन्न कामे आहेत.

लाकडाचा ओंडका दोन लोखंडी खिळ्यांमध्ये आडवा धरून त्याला दोरीचा एक वेढा द्यावयाचा आणि दोरी मागेपुढे ओढून तो फिरवावयाचा, ही या यंत्राची सर्वांत जुनी रचना. दोरी कमानीला बांधली, तर एका हाताने कमान चालविता येते; नुसती दोरी असली, तर ती ओढण्यास दुसरे माणूस लागते. ओंडका एकदा पुढे व एकदा मागे फिरत असल्यामुळे हत्यार फक्त निम्म्या वेळी लाकूड कापते, उरलेल्या वेळी ते अलगद मागे घ्यावे लागते. भरीव काम या रचनेवर सुखाने होते. पोकळ कामात मात्र दुसऱ्या टोकाचा खिळाच आड येतो, कारण जेथून लाकूड काढावयाचे तेथेच तो रुतलेला असतो. यावर दोन उपाय निघाले. एक म्हणजे खिळ्याभोवती मध्ये बारीक गाभा शिल्लक ठेवून त्याच्या बाजूने कोरत जाणे व शेवटी तो गाभा मोडून काढणे. इंग्लंडमधील यॉर्क येथील उत्खननात असे टाकून दिलेले गाभे सापडले आहेत. दुसरा उपाय म्हणजे ओंडक्याचे एकच टोक फिरत्या दांड्यावर ठोकून किंवा लाखेने घट्ट बसवून दुसरे मोकळे सोडणे. भारतीय करंड्यांच्या कामात हीच पद्धत मुख्यतः दिसते. आतली बाजू कोरण्यासाठी टोकाशी वळवलेली आकडी वापरतात. ती किती खोल गेली हे डोळ्यांना दिसत नाही. भिंत पातळ होऊ लागली की आवाज बदलतो आणि त्यावरून कारागीर हात आवरतो.

लाकूड वाळण्याचा प्रश्न याहून बिकट आहे. लाकूड वाळताना वर्षवलयांच्या दिशेने होणारा संकोच हा गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने होणाऱ्या संकोचाच्या साधारणतः दुप्पट असतो. त्यामुळे ओल्या लाकडाचा गोल करंडा वाळल्यावर लंबगोल होतो व त्याचे झाकण बसेनासे होते. झाडाचा मध्यगाभा तसाच राहिला, तर तेथून किरणांसारख्या चिरा जातात. म्हणून जाणता कातारी भांडे प्रथम जाड ठेवून ढोबळ कोरतो, ते सावलीत वाळू देतो आणि मग पुन्हा यंत्रावर चढवून शेवटचा आकार देतो. झाकण व तळ एकाच तुकड्यातून काढले म्हणजे दोहोंचे तंतू जुळतात आणि ऋतुमानाप्रमाणे दोन्ही सारखेच फुगतात किंवा आकसतात.

या कलेचा भारतीय वाङ्मयातील उल्लेख फार जुना आहे. पाली महासतिपट्ठानसुत्तात श्वासाकडे लक्ष देणाऱ्या भिक्षूला कुशल भमकाराची, म्हणजे काताऱ्याची, किंवा त्याच्या शिकाऊ शिष्याची उपमा दिलेली आहे : दोरीचा ओढा लांब असला तर तो लांब आहे आणि आखूड असला तर आखूड आहे, हे त्याला ठाऊक असते. मागेपुढे चालणाऱ्या दोरीचे यंत्र नित्य पाहिल्यावाचून ही उपमा सुचणे कठीण. संस्कृतात या यंत्रास भ्रमि व कुंद अशी नावे आहेत. सूर्याचे असह्य तेज कमी करण्यासाठी विश्वकर्म्याने त्याला भ्रमीवर चढवून तासले, ही कथा मार्कंडेय पुराणात आहे. कालिदासाने रघुवंशाच्या सहाव्या सर्गात अवंतीच्या राजाचे वर्णन करताना तिचा उपयोग केला आहे. ईजिप्तमध्ये पेटोसिरिसच्या थडग्यातील इ. स. पू. सु. ३०० च्या शिल्पचित्रात एक माणूस दोरी ओढताना व दुसरा हत्यार धरताना दाखविला आहे. केवळ पोकळ कामाचा विचार केला, तर जपानचे उदाहरण सर्वांत मोठे ठरेल. सम्राज्ञी शोतोकूच्या आज्ञेवरून ७६४ ते ७७० या काळात दहा लक्ष लाकडी स्तूपिका कातून काढण्यात आल्या व प्रत्येकीच्या पोकळीत छापील मंत्राची गुंडाळी ठेवून त्या दहा मंदिरांना वाटण्यात आल्या. त्यांपैकी हजारो होर्यू-जी मंदिरात अद्याप आहेत.

महाराष्ट्रात पोकळ कातकामाला मागणी निर्माण केली ती मुख्यतः कुंकवाने व देवीच्या उपासनेने. या दृष्टीने पैनगंगेच्या दक्षिणेस डोंगराळ वनप्रदेशात वसलेल्या माहूरचे (जि. नांदेड) स्थान लक्षणीय आहे. राजकीय दृष्ट्याही हे ठिकाण एकेकाळी मोठे होते. बहमनी राज्यात महमूद गावानने वऱ्हाडचे दोन भाग केले, त्यांपैकी एकाचे ठाणे गाविलगड व दुसऱ्याचे माहूर होते. आईन-इ-अकबरीत माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेले आहे. परंतु लोकमानसात माहूर आहे ते रेणुकेचे, साडेतीन शक्तिपीठांपैकी एक म्हणून. देवीच्या यात्रेत हळदकुंकू, बांगड्या व खण यांचा व्यवहार मोठा. हळदीवर चुना, सवागी, लिंबाचा रस इत्यादींची प्रक्रिया करून केलेले कुंकू ओल लागताच गोळा होते, म्हणून आतून लाख दिलेला घट्ट झाकणाचा लाकडी करंडा त्यास सोयीचा. कुंकू टिकावे म्हणून कपाळाला प्रथम मेण लावीत. त्या मेणाची लहान डबीही कातीवच असे.

दुसरी मागणी गोंधळ्यांची. गोंधळ्यांत रेणुराई व कदमराई अशा दोन शाखा असून रेणुराई हे माहूरच्या रेणुकेचे उपासक होत. परशुरामाने बेटासुराला मारले, त्याचे मस्तक पोकळ करून त्यातून त्याच्याच शिरेची तार ओवली आणि ते वाद्य वाजवीत तो माहूरला आपल्या मातेसमोर आला, अशी गोंधळाच्या उत्पत्तीची कथा आहे. कथेतील उग्रता बाजूस ठेवली, तरी एक गोष्ट तीत अचूक आहे. चौंडके व तुणतुणे या दोन्ही वाद्यांचा जीव पोकळीतच असतो. एका तोंडाला चामडे मढविलेले लाकडी नळकांडे व चामड्यातून ओवलेली तार एवढीच त्यांची मूळ रचना. भिंतीची जाडी सर्वत्र सारखी नसली, तर नाद बसका येतो. गावगाड्यात गोंधळ्याला अलुतेदारांत स्थान होते. कातारी मात्र बारा बलुत्यांत येत नाही. त्याला गावाकडून धान्याचा ठराविक वाटा नव्हता. तो बाजार व यात्रांवर जगत असे, आणि हीच गोष्ट त्याच्या धंद्याला पुढे बाधक झाली असे म्हणावे लागते.

कातकामाला सागासारखे मोठे इमारती लाकूड लागत नाही. बारीक तंतूचे, न चिरणारे लाकूड लागते. काळा कुडा, हेदू (हळदू) व शिवण ही त्यासाठी नावाजलेली झाडे होत. कर्नाटकातील चन्नपटण व आंध्र प्रदेशातील एटिकोप्पाका या दोन्ही प्रसिद्ध केंद्रांचे काम काळ्या कुड्याच्याच पांढऱ्या लाकडावर चालत आले आहे. माहूर-किनवटच्या पानझडी जंगलात साग, धावडा, सालई यांच्याबरोबर ही झाडेही येतात, आणि लाखेचा किडा ज्यावर पोसतो तो पळसही तेथे विपुल आहे. गोंड, कोलाम व आंध या तेथील आदिवासींना मात्र पाण्यासाठी कातीव भांड्याची गरज फारशी पडली नाही. वाळलेल्या दुधी भोपळ्याने ते काम भागविले.

किनवट-माहूरचा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या व नंतर राज्याच्या अदिलाबाद जिल्ह्यात होता. निजामी अमलात राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या, तेव्हा तेथील आदिवासींचा जंगलावरील वापराचा हक्क आकुंचित झाला. त्यातून उद्भवलेल्या संघर्षात कोमरम भीम हा गोंड नेता १९४० मध्ये जोडेघाट येथे मारला गेला. याच मालिकेत हैदराबाद वन अधिनियम (१३५५ फसली) आला. वनखात्याची दृष्टी सागाच्या महसुलावर होती. कुड्याच्या मनगटाएवढ्या फांदीचे मोल तिच्या हिशेबात नव्हते. परंतु परवान्यावाचून फांदी तोडणे व नेणे हा गुन्हा ठरल्यावर सर्वाधिक अडचण अशाच फांदीवर पोट असणाऱ्याची होते. सुतार वखारीतून फळी विकत घेऊ शके. कातारी ज्या लाकडावर जगे ते वखारीत विकायला येत नसे.

लाखकाम हे कातकामाचेच अंग आहे. रंगीत लाखेची कांडी फिरत्या वस्तूवर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते. नंतर केवड्याचे सुके पान दाबून धरल्याने तिला चकाकी येते. पूर्वी पिवळ्या रंगासाठी हरताळ व तांबड्यासाठी हिंगूळ घालीत. ही दोन्ही द्रव्ये, एक सोमलाचे व दुसरे पाऱ्याचे, विषारी आहेत. तान्ह्या मुलांच्या तोंडात जाणाऱ्या खुळखुळ्यांनाही ती लावली जात, हे आज विसरले गेले आहे. एटिकोप्पाका येथे अलीकडच्या काळात वनस्पतिजन्य रंगांचा पद्धतशीर वापर सुरू झाला.

विजेच्या मोटरीने ओंडका एकाच दिशेला सतत फिरू लागला. वेग वाढला, आणि दोरी ओढणाऱ्या माणसाचे, बहुधा घरातल्याच बाईचे किंवा मुलाचे, काम संपले. मुले दोरी ओढता ओढता धंदा शिकत, तो मार्गही त्याबरोबर बंद झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टीलच्या व प्लॅस्टिकच्या डब्या आल्या आणि पाठोपाठ चिकटवावयाच्या टिकलीने करंड्याची गरजच उणावली. सावंतवाडी येथे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७१ मध्ये राजवाड्यात लाखकामाचा कारखाना सुरू केला. तेथील गंजिफा व लाखकाम त्यामुळे तगले. सावंतवाडीची कीर्ती मात्र विशेषतः रंगीत लाकडी फळांसाठी आहे, आणि फळे भरीव असतात. त्यांचे लाकूड एकदाच यंत्रावर चढते. करंड्याचे लाकूड दोनदा चढवावे लागते, आणि या दोहोंच्या मधल्या महिन्यांत सावलीत वाळणाऱ्या मालात कारागिराचे भांडवल अडकून पडते.