फिर्याद कोणी करावयाची?

पुण्याकडून नगरला येताना शहराच्या वेशीशी केडगाव लागते. रेणुकामातेच्या देवस्थानामुळे ओळखले जाणारे हे एके काळचे खेडे आज महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. ही हद्द ओलांडली की गटारे कोणी उपसावयाची व कचऱ्याची गाडी कोणी धाडावयाची याचा धनी बदलतो. त्याचप्रमाणे अल्पवयीन मुलीचे लग्न थांबविणारा अधिकारीही बदलतो. शहरात हे काम बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याचे, तर खेड्यात ग्रामसेवकाचे. कचरा आणि लग्न ही दोन प्रकरणे एकाच मेजावर यावीत हे कित्येकांस विनोदी वाटेल. परंतु त्या मेजापर्यंत पोहोचण्यास कायद्याला शंभराहून अधिक वर्षे लागली.

वाद गाजले ते वयाच्या आकड्यावरून. 1884 मध्ये बेहरामजी मलबारी यांची टिपणे प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी, अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाईंवर नांदावयास येण्याबद्दल मुंबईस दावा गुदरला. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने सहवासाचे वय दहावरून बारा केले. रानडे व भांडारकर त्यास अनुकूल होते; परकीय सरकारने धर्माचारात हात घालू नये म्हणून टिळक प्रतिकूल होते. पण चार भिंतींआड घडलेल्या गुन्ह्याची वर्दी द्यावयाची कोणी? हा प्रश्न त्या गदारोळात बाजूसच राहिला.

तो पुन्हा पुढे आला 1928 मध्ये नेमलेल्या समितीपुढे. अमरावतीचे सर मोरोपंत जोशी हे तिचे अध्यक्ष. कायदा किती कडक असावा यापेक्षा तो घरोघरी ठाऊक कसा व्हावा आणि वधूचे वय सिद्ध कसे करावे, याची चिंता या समितीस अधिक होती. लग्नांची वयासह नोंद ठेवावी असे तिने सुचविले. हरबिलास सारडा यांचा कायदा 1929 मध्ये संमत झाला व 1 एप्रिल 1930 पासून अमलात आला, तो मात्र या नोंदीवाचूनच. मुलीस 14 व मुलास 18 वर्षे ही मर्यादा ठरली. मधल्या सहा महिन्यांत लोकांनी लग्नांची एकच घाई उडविली, यावरून कायद्याचा धाक मुळीच नव्हता असे म्हणता येत नाही. पण तो धाक टिकणार कसा? पोलिसांस आपण होऊन काही करता येत नसे. फिर्याद वर्षाच्या आत करावयाची, आणि फिर्यादीकडूनच शंभर रुपयांपर्यंतचा मुचलका घ्यावयाचा! शेजाऱ्याच्या मुलीसाठी एवढे वैर व एवढी जोखीम पत्करणारा माणूस गावात किती वेळा सापडणार? ठरलेले लग्न थांबविण्यासाठी मनाईहुकूम देण्याची सोय 1938 मध्ये झाली. मुलीचे वय 1949 मध्ये 15 व 1978 मध्ये 18 झाले.

खरा पालट झाला तो 2006 च्या कायद्याने. 1 नोव्हेंबर 2007 पासून हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र झाला. सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत लग्न रद्द करून घेण्याचा हक्क मुलीस मिळाला. आणि लग्न रोखणे हेच ज्याचे कर्तव्य असा प्रतिबंधक अधिकारी निर्माण झाला. महाराष्ट्राने खेड्यापुरते हे काम ग्रामसेवकाकडे दिले, यात एक शहाणपण होते. गावच्या जन्माचे दफ्तर त्याच्याच कपाटात, विवाहनोंदणीही त्याच्याकडेच. जोशी समितीस हवा असलेला पुरावा अखेर त्याच्या हाताशी आला.

अडचण हीच की त्याला त्याच गावात काम करावयाचे असते. ज्यांच्याकडून पाणीपट्टी वसूल करावयाची, ज्यांच्या दाराशी साचलेल्या कचऱ्याबद्दल बोल लावावयाचा, त्यांच्याच मांडवात त्याने कागद घेऊन उभे राहावयाचे. नगर जिल्ह्याच्या पूर्व भागात, पाथर्डी-शेवगावकडे, ऊसतोडीस जाणारी कुटुंबे वयात आलेल्या मुलीला मागे कोणाच्या भरवशावर ठेवावे या काळजीने तिचे लग्न उरकतात. कारखान्यावर उचल मिळते तीही जोडप्याच्या कोयत्याला. तेथे नुसता मनाईहुकूम पुरा पडत नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 20 ते 24 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्के स्त्रियांचे लग्न अठराव्या वर्षापूर्वीच झालेले आढळले.

आता 1098 या क्रमांकावर कोणासही दूरध्वनी करता येतो. मुचलका लागत नाही, नावही गुप्त राहते. कित्येकदा फोन करणारी ती मुलगीच असते.