शेजारी इमारतीसाठी खड्डा खोदलाय आणि तुमच्या भिंतीला तडे गेलेत? कायदा काय सांगतो

पनवेलमध्ये १८५२ साली नगरपालिका आली आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका. जुन्या पनवेलमध्ये मात्र आजही घराला घर लागून आहे. काही ठिकाणी दोन घरांत एकच सामाईक भिंत असते. अशा ठिकाणी एक जुनं घर पाडून इमारत उभी राहू लागली की शेजारच्याच्या पोटात गोळा येतो.

ही भीती उगाच नाही. २५ जून २०१८ रोजी मुसळधार पावसात मुंबईतल्या वडाळ्यात लॉइड्स इस्टेट सोसायटीची संरक्षक भिंत आणि लगतचा रस्ता शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात कोसळला. उभ्या गाड्या ढिगाऱ्याखाली गेल्या. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

खड्ड्यामुळे शेजारचं घर का हलतं?

घराच्या पायाखालची माती चारही बाजूंच्या मातीच्या आधारावर टिकून असते. एका बाजूची माती काढली की उरलेली माती त्या बाजूला सरकू पाहते. पावसाचं पाणी मुरलं की ती जड आणि सैल होते. खड्ड्यातलं पाणी पंपाने सतत उपसलं तरी शेजारची जमीन खचू शकते. म्हणून खोल खोदाईत कडेला आधारभिंत किंवा शोअरिंग लागतं. खोदकामाच्या सुरक्षिततेसाठी आयएस ३७६४ आणि पाडकामासाठी आयएस ४१३० ही भारतीय मानकं आहेत.

आपल्याकडे कायदा आहे का?

इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी १९९६ चा स्वतंत्र 'पार्टी वॉल' कायदा आहे. शेजारच्या इमारतीपासून ३ मीटरच्या आत, तिच्या पायापेक्षा खोल खोदायचं असेल तर एक महिना आधी लेखी नोटीस द्यावी लागते. वाद झाला तर सर्व्हेअर नेमले जातात आणि काम कसं करायचं ते ठरवून देतात.

महाराष्ट्रात असा वेगळा कायदा नाही. पण हक्क आहेत:

- भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२, कलम ७: तुमच्या जमिनीला शेजारच्या मातीचा नैसर्गिक आधार मिळण्याचा हक्क आहे. मात्र हा हक्क मोकळ्या जमिनीचा आहे. तिच्यावर बांधलेल्या घराचं वजन त्यात धरलेलं नाही.
- त्याच कायद्याचं कलम १५: घराला हा आधार हक्काने, शांततेत आणि खंड न पडता २० वर्षं मिळत आला असेल, तर घरासाठीही हक्क तयार होतो. म्हणजे जुन्या घराची बाजू इथे नव्या घरापेक्षा भक्कम असते. पण दाव्याला उशीर करू नये, कारण ही २० वर्षं दाव्याआधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली असावी लागतात.
- भारतीय न्याय संहिता, कलम २९०: इमारत पाडताना, दुरुस्त करताना किंवा बांधताना निष्काळजीपणाने जीव धोक्यात घातला तर ६ महिन्यांपर्यंत कैद, ५ हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

घर नवं असलं तरी निष्काळजी खोदाईमुळे झालेल्या नुकसानीची भरपाई दिवाणी न्यायालयात मागता येते. धोका समोर दिसत असेल तर काम थांबवण्यासाठी मनाई हुकूमही मागता येतो.

भिंत कोणाची, हे कसं कळतं?

जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा आधी वाचा. भिंत सामाईक असल्यास तिथे तसा उल्लेख असू शकतो. मिळकत पत्रिका काढा. हद्दीचाच वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. भिंत सामाईक असेल तर एकट्या मालकाला ती परस्पर पाडता येत नाही.

खोदकाम सुरू होण्याआधी काय करावं?

१. घराच्या प्रत्येक खोलीचे, छताचे, जिन्याचे आणि बाहेरच्या भिंतींचे तारखेसह फोटो काढा. आधीपासूनचे तडेही टिपा. पुरावा खरा असेल तरच टिकतो.

२. शक्य असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून पाहणी अहवाल घ्या. बिल्डरच्या इंजिनिअरसोबत संयुक्त पाहणी झाली आणि दोघांच्या सह्या झाल्या तर उत्तम. पुढे 'हा तडा जुनाच होता' हा वाद तिथेच मिटतो.

३. अहवालाची प्रत बिल्डरला आणि महापालिकेच्या नगररचना विभागाला द्या. पोच जपून ठेवा.

४. मंजूर नकाशा आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र माहिती अधिकारात मागता येतं. प्रकल्प महारेरात नोंदलेला असेल तर त्याची कागदपत्रं संकेतस्थळावरच बघता येतात.

तडा दिसला तर?

तड्यावर आडवी काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवतात. पट्टी फुटली तर भिंत अजून हलते आहे असं समजावं. दारं-खिडक्या अचानक अडकू लागणं, फरशी एका बाजूला उतरणं, तडा रोज रुंदावणं ही धोक्याची चिन्हं आहेत. अशा वेळी आधी घराबाहेर पडा, मग तक्रार करा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ नुसार धोकादायक बांधकामाबाबत कारवाईचे अधिकार आयुक्तांना आहेत.

बांधणाऱ्यालाही हे सगळं फायद्याचं आहे. कामाआधीची पाहणी झालेली असेल तर जुन्या तड्यांचं बिल त्याच्या माथी येत नाही.