लोणारचा खार आणि अबुल फजलची नोंद

लोणारला जाणारे बहुतेक जण उल्केचं विवर पाहायला जातात. बुलढाणा जिल्ह्यातला हा कोरडवाहू तालुका, सगळीकडे कापूस-तुरीची शिवारं. त्यातून चालता चालता एकाएकी जमीन संपते आणि खाली काळ्या बेसॉल्टमध्ये कोरलेला, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा वाडगा दिसतो. तळाशी हिरवट, खारं पाणी. मलाही आधी तेवढंच माहीत होतं. मग ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचं प्रकरण वाचलं आणि लोणार वेगळंच दिसायला लागलं.

मुघलांनी वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीकडून १५९६ मध्ये घेतलं. (जिजाऊंचा जन्म याच जिल्ह्यात, सिंदखेडला, १५९८ चा. म्हणजे काळ तोच.) नव्याने हाती आलेल्या मुलखाची नोंद करताना अबुल फजल मेहकर सरकारातल्या लोणारपाशी थांबतो. हे मोठं पवित्र स्थान आहे, ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात आणि गया एकूण तीन आहेत, असं तो सांगतो. उंच डोंगरांनी वेढलेला कोसभर लांब-रुंद तलाव, त्याचं खारं पाणी, काच आणि साबणासाठी लागणारे पदार्थ, सोरा आणि त्यातून येणारा मोठा महसूल, सगळं तो लिहितो. टेकडीवरचा बैलाचं तोंड कोरलेला झराही त्याच्या नजरेतून सुटत नाही. सोमवती अमावस्येला त्याचं पाणी मोठ्या तलावात उतरतं, ही लोकांची समजूतसुद्धा त्यात आहे.

यात भक्ती शोधू नये. दरबारी माणूस होता, त्याला महसूल हवा होता. पण त्याच कागदावर तीर्थ आणि खार शेजारी शेजारी बसतात. मुघल म्हटलं की एका बाजूला फक्त तोडफोड आठवते आणि आपण मुसलमान लगेच ताजमहाल पुढे करतो. लोणारची ही नोंद दोघांच्याही कामाची नाही, म्हणूनच मला ती महत्त्वाची वाटते.

खाराचं गणित सरळ आहे. विवरात झऱ्याचं आणि पावसाचं पाणी येतं, बाहेर जायला वाट नाही. उन्हाळ्यात पाणी आटतं, क्षार मागे राहतात आणि काठावर खाराचा थर धरतो. पूर्वी माणसं उन्हाच्या दिवसांत तो गोळा करायची. त्याच्या प्रतींना दल्ला, खुप्पल, पापडी अशी नावं होती. राजांची नावं आपल्याला पाठ असतात. खार काढणाऱ्या एकाचंही नाव कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं, तेव्हा चमत्काराच्या कितीतरी गोष्टी मोबाइलवर फिरल्या. कारण होतं खारटपणा वाढल्यावर फोफावणारे सूक्ष्मजीव. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. काठावरची धार मात्र वाहतेच आहे आणि भाविक आजही तिच्याखाली आंघोळ करतात.