अँटिबायोटिक जिवाणूंना मारतं, मग आपल्या पेशींना का नाही?

छत्रपती संभाजीनगरच्या चिकलठाणा एमआयडीसीत संशोधन केंद्र असलेल्या वोक्हार्ट कंपनीचं नॅफिथ्रोमायसिन हे औषध नोव्हेंबर २०२४ मध्ये सादर झालं. जिवाणूंमुळे होणाऱ्या न्यूमोनियावरचं हे अँटिबायोटिक. ते जिवाणूंना गाठतं आणि आपल्या पेशींना सोडतं, कारण दोन्ही पेशींची रचनाच वेगळी आहे.

केंद्रक: आपल्या पेशीत डीएनए पडद्याआड, केंद्रकात असतो. जिवाणूत केंद्रक नसतं; डीएनए पेशीद्रवातच असतो.

पेशीभित्तिका: बहुतेक जिवाणूंभोवती पेप्टिडोग्लायकनची भिंत असते. आपल्या पेशींना भिंतच नाही. पेनिसिलिन ही भिंत बांधू देत नाही, म्हणून जिवाणू फुटतो.

रायबोसोम: प्रथिनं बनवणारा हा कारखाना दोघांकडेही असतो. जिवाणूंचा लहान (७०-एस), आपल्या पेशीद्रवातला मोठा (८०-एस). नॅफिथ्रोमायसिन जिवाणूंच्या रायबोसोमला चिकटून प्रथिननिर्मिती थांबवतं.

मग साध्या सर्दीवर अँटिबायोटिक का चालत नाही?
सर्दी, फ्लू विषाणूंमुळे होतात. विषाणूला पेशीच नसते: ना भिंत, ना रायबोसोम. त्यामुळे औषधाला मारा करायला जागाच मिळत नाही. उलट, शरीरातल्या जिवाणूंमधले औषधाला दाद न देणारे तेवढे उरतात आणि वाढतात. पुढे खरा न्यूमोनिया झाला, तर तेच औषध निकामी ठरू शकतं. म्हणून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक घेऊ नका.