पीएमआयमधील स्वयंसेवा

प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट (पीएमआय) ही प्रकल्प व्यवस्थापकांची आंतरराष्ट्रीय व्यावसायिक संस्था आहे. तिची स्थापना १९६९ मध्ये अमेरिकेत झाली. पगारी कर्मचारी असले, तरी संस्थेचे बरेचसे कार्य सभासद विनावेतन करतात.

स्वरूप

स्थानिक शाखांची कार्यकारी मंडळे सभासदांमधूनच निवडली जातात. व्याख्याने व परिषदा भरवणे, नव्या सभासदांना मार्गदर्शन करणे ही शाखेतील कामे होत. याशिवाय मानके तयार करणे आणि परीक्षेसाठी प्रश्न लिहिणे यांतही स्वयंसेवकांचा सहभाग असतो. महाराष्ट्रात मुंबई आणि पुणे-डेक्कन या शाखा कार्यरत आहेत. ठाण्यातील कोलशेतसारख्या भागात राहणाऱ्या सभासदांना मुंबई शाखा जवळची ठरते.

प्रमाणपत्राशी संबंध

१९८४ पासून दिले जाणारे पीएमपी प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दर तीन वर्षांत व्यावसायिक विकासाची ६० एकके मिळवावी लागतात. स्वयंसेवेच्या एका तासाला एक एकक मिळते. मात्र स्वयंसेवा, ज्ञानप्रसार व प्रत्यक्ष व्यावसायिक काम यांतून मिळून जास्तीत जास्त २५ एककेच ग्राह्य धरली जातात. किमान ३५ शिक्षणातून मिळवणे बंधनकारक आहे. त्यामुळे केवळ स्वयंसेवेच्या बळावर प्रमाणपत्राचे नूतनीकरण होत नाही. मर्यादा गाठल्यानंतर केलेल्या कामाचे एककही मिळत नाही. ते काम निव्वळ सेवा ठरते. शाखांचे पदाधिकारी वर्षभर जी जबाबदारी सांभाळतात, तिचा मोठा भाग याच स्वरूपाचा असतो.