ऊसवाहतूक आणि तापणारे वंगण

बिद्रीच्या आसपास ऊस ओढण्याची साधने गेल्या शंभर वर्षांत दोनदा बदलली: लोखंडी धावेची बैलगाडी, मग रबरी टायरची गाडी आणि शेवटी ट्रॅक्टर. प्रत्येक बदलात ओझे वाढले. ट्रॅक्टरबरोबर घर्षणातून निघणारी उष्णताही वाढली आणि तिची जागा बदलली. बैलगाडीत ती चाकाच्या तुंब्यात, हाताला लागेल अशा ठिकाणी होती. ट्रॅक्टरमध्ये ती बंद पेटीत, तेलात गेली. आज ट्रॅक्टर चालवणाऱ्याला इंजिनाच्या पाण्याचा काटा समोर दिसतो, पण गिअरबॉक्समधल्या तेलाचा काटा बहुतेक ट्रॅक्टरांवर बसवलेलाच नसतो.

कागल तालुक्यातले बिद्री हे गाव कोल्हापूर–गारगोटी रस्त्यावर आहे. दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखाना इथेच, मौनीनगरात उभा आहे. दोन नद्यांच्या नावावरूनच त्याचे क्षेत्र कळते. कागलबरोबर भुदरगड, राधानगरी आणि करवीर तालुक्यांतला ऊस इथे येतो. नदीकाठची काळी जमीन सपाट असली, तरी पश्चिमेकडे गेले की डोंगरउतार, ओढे आणि अरुंद पाणंदी सुरू होतात. नकाशावर दहा किलोमीटरचे वाटणारे अंतर वाहनाला किती जड जाते, हे पाणंदीतला चढ आणि चिखल ठरवतो.

कारखान्याच्या आधी हा प्रश्न निराळा होता. कोल्हापूरचा ऊस मुख्यतः गुळासाठी असे आणि गुऱ्हाळ शेतातच लागत असे. तोडलेली मोळी चरकापर्यंत डोक्यावरून किंवा गाडीतून थोडीशीच सरके. रस्त्यावर यायचा तो गूळ. एक टन उसापासून साधारण शंभर ते सव्वाशे किलो गूळ निघतो, म्हणजे लांबच्या वाटेवर पडणारे ओझे उसाच्या आठव्या-दहाव्या हिश्शाएवढे. बाकीचे वजन वाफेत, चुलवाणात आणि चिपाडात जाई. मिरज–कोल्हापूर रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली. त्यानंतर शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरी पेठ वसवली आणि गुळाच्या बाजाराला स्टेशनाजवळ जागा मिळाली. तिथवर गुळाचे रवे पोचवायला बैलजोडी पुरेशी होती.

साखर कारखान्याने हा हिशोब उलटा केला. साखर एका ठिकाणीच होते, त्यामुळे पाणी आणि चोथ्यासकट सगळा ऊस रस्त्यावर आला. तोही वेळेत यावा लागतो, कारण तोडलेल्या उसातली साखर तासागणिक घटते आणि चोवीस तासांच्या आत गाळप व्हावे असा कारखान्याचा आग्रह असतो. प्रवरानगरला 1950 मध्ये पहिला सहकारी कारखाना सुरू झाला. पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखाने उभे राहिले, तसा दिवाळीपासून मार्च-एप्रिलपर्यंत गाळपासाठी ऊस टाकायची गव्हाण रिकामी राहू न देणे हा वाहतुकीचा एकमेव नियम झाला.

सुरुवातीचा मोठा भार बैलांनीच पेलला. लोखंडी धावेच्या गाडीत एक-दीड टन ऊस बसे. आस आणि तुंबा यांच्यात वंगण घालावे लागे. गाडीखाली टांगलेल्या नळ्यात एरंडेल तेलात भिजवलेली चिंधी असे आणि चाक करकरू लागले की गाडीवान थांबून ते ओंगण लावी. घर्षणाची उष्णता किती, याचा अंदाज सोपा आहे. दीड टनाची गाडी सेकंदाला एक मीटर वेगाने चालली, तर नीट वंगण घातलेल्या आसाशी पन्नास ते शंभर वॅट खर्च होतात, म्हणजे जुन्या विजेच्या दिव्याएवढे. वंगण संपले तर लाकूड धुरकटे, पण ते दिसे, वास येई आणि दुरुस्ती गाडीवानाच्या हातात होती. ‘वंगण घालणे’ हा वाक्प्रचार दफ्तरात आणि राजकारणातही गेला. त्याच्या मुळाशी ही चिंधी आहे.

रबरी टायरची गाडी आली तशी चाकात बेअरिंग आली आणि ओझे दोन-तीन टनांवर गेले. बैल मात्र दोनच. ही गाडी ‘डनलॉप गाडी’ या नावाने ओळखली गेली. कंपनी आता फारशी कोणाच्या आठवणीत नसली, तरी नाव टिकले. घर्षण कमी झाल्याने त्याच बैलजोडीकडून दुप्पट ऊस ओढवून घेता आला. बेअरिंगमध्ये ग्रीस भरले जाई आणि वर्षातून एकदाच. रोजचे ओंगण लावणे इथेच संपले.

ट्रॅक्टर नांगरणीसाठी आला होता. भारतात जोडणी होऊन आलेला पहिला देशी ट्रॅक्टर 1959 मध्ये फरीदाबादला आयशरने काढला. 1961 मध्ये चेन्नईत टाफेची मॅसी फर्ग्युसन, 1963 मध्ये महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारीतली कंपनी आणि 1974 मध्ये पंजाबचा स्वराज अशी ही रांग लागली. यातल्या प्रत्येकाचे यंत्र शेतासाठी आखलेले होते. पावसाळ्यात नांगरट, रोटर, पेरणी, आणि मधले सहा महिने रिकामे. हे रिकामेपण कर्जाच्या हप्त्याला परवडणारे नव्हते. कारखान्याची वाहतूक हाताशी होती आणि बिल टनावर व अंतरावर मिळे. त्यामुळे हूकला एक ट्रॉली लागली, मग तिच्यामागे दुसरी. शेतकामाचे यंत्र हंगामभर रस्त्याचे यंत्र झाले. मूळ आखणी मात्र बदलली नाही.

ट्रॅक्टरच्या या आखणीला इतिहास आहे. 1917 च्या फोर्डसनने इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस एकाच ओतीव लोखंडी सांगाड्यात आणले. वेगळी चौकट राहिली नाही. गिअरची पेटी हाच ट्रॅक्टरचा कणा झाला. त्याच्या मागच्या आसात वर्म गिअर होता, जो ओढीत भयंकर तापे, आणि चालकाची सीट नेमकी त्याच्यावर होती. ‘बसायला चटके’ ही तक्रार फोर्डसनच्या नावाला चिकटली. पुढे हॅरी फर्ग्युसनच्या रचनेत हायड्रॉलिक पंपही त्याच तेलात बुडाला. तेव्हापासून बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअर, डिफरन्शिअल आणि हायड्रॉलिक यांना एकच तेल पुरते, आणि अलीकडच्या यंत्रांत तेलात बुडालेले ब्रेकही त्यात भर घालतात. एकाच पेटीत चार कामे आणि चारही उष्णता देणारी.

बिद्रीच्या वाटेवरचे एक उदाहरण हिशोबात घेता येते. दोन ट्रॉल्यांत वीस टन ऊस, ट्रॅक्टर आणि रिकाम्या ट्रॉल्यांचे मिळून पाच टन, म्हणजे पंचवीस टन. वीसला एक असा चढ, ताशी आठ किलोमीटर वेग. एवढ्यासाठी चढ चढायला सुमारे 27 किलोवॅट लागतात आणि कच्च्या रस्त्याच्या घर्षणाला आणखी दहा-अकरा. एकूण 38 किलोवॅट, म्हणजे पन्नास एक अश्वशक्ती. ही ओढ गिअरच्या अनेक दातांमधून आणि शेवटच्या आसातून जाते. दर जोडीला थोडी घट धरली, तरी दहा-बारा टक्के उष्णतेत जातात. ती चार किलोवॅटच्या आसपास, म्हणजे पाणी तापवायच्या दीड किलोवॅटच्या तीन रॉडएवढी. हे तीन रॉड पस्तीस-चाळीस लिटर तेलात बुडवले आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर मिनिटाला साधारण चार अंश वाढतील.

प्रत्यक्षात एवढे होत नाही, कारण लोखंडी पेटी स्वतः जड असते आणि हवेला उष्णता देते. पण ताशी आठ किलोमीटर वेगाला वारा कितीसा लागणार? उताराला आणि सपाटीवर जी गरमी निघून जाते, ती पुढच्या चढाला परत जमा होते. कारखान्याच्या यार्डातली रांग इथे अनपेक्षित उपकार करते. वजनकाट्यापुढे तास दोन तास उभा राहिलेला ट्रॅक्टर निवतो. उसाला मात्र ती रांग बाधते.

क्लचची गोष्ट वेगळी. बहुतेक ट्रॅक्टरांत क्लच सुका असतो, म्हणून त्याची उष्णता तेलात जात नाही. ती प्लेटच्या अस्तरातच राहते. चढावर थांबून पुन्हा सुटणे, चिखलात अर्धा क्लच दाबून ठेवणे, दोन ट्रॉल्यांचा झटका सांभाळत हळूहळू सोडणे, यांत प्लेट घसरते. करपल्याचा वास येतो, तेव्हा नुकसान झालेलेच असते. अस्तर चकचकीत झाले की ते आणखी घसरते आणि आणखी तापते. प्लेट बदलायला ट्रॅक्टर दोन भागांत फोडावा लागतो, म्हणून ऐन हंगामात ही दुरुस्ती महाग. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात ओतकाम आणि यंत्रदुरुस्ती पूर्वीपासूनच वाढली होती, त्यामुळे भाग मिळणे आणि अस्तर लावून घेणे या भागाला कधी फारसे अवघड गेले नाही.

अमेरिकेत जड ट्रेलर ओढणाऱ्या डिझेल पिकअपमध्ये हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो. तिथे बहुतेक वाहने ऑटोमॅटिक असतात आणि इंजिन व गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. जर्मनीच्या हेर्मान फ्योटिंगरने 1905 मध्ये जहाजांसाठी त्याची कल्पना पेटंट केली. मोटारीत द्रव-जोडणीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिलच्या 1940 च्या मॉडेलमध्ये आणला. तिथे घसरण तेलातच होते, म्हणजे क्लचचीही उष्णता तेलातच जमा होते. साधारण 80 ते 95 अंश सेल्सिअसला असे तेल नीट काम करते. 120 च्या पुढे ते झपाट्याने बिघडते, त्याचा थर पत्र्याला चिकटतो आणि सील कडक होतात. रसायनशास्त्राचा एक ढोबळ नियम असा की दहा अंशांची वाढ ऑक्सिडीकरणाचा वेग जवळपास दुप्पट करते. म्हणून अशा वाहनांना तेलासाठी वेगळा कूलर असतो आणि चालकासमोर तापमानाचा काटाही. तिथल्या चालकाला तेलाचा आकडा दिसतो. इथल्याला तो अंदाजाने काढावा लागतो.

अंदाजाची साधने मात्र कमी नाहीत. पेटीवर तळहात ठेवून तो किती वेळ टिकतो हे पाहणे ही सर्वांत जुनी रीत. 60 अंशांच्या लोखंडाला हात काही सेकंदच सहन होतो. गिअरचा आवाज कर्कश झाला तर तेल पातळ झाले किंवा कमी झाले असे समजतात. पण ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांवर जो मोठा टेप असतो, तो आवाजाचे हे निदान बाजूला सारतो. कोल्हापूरच्या रस्त्यावर रात्री दीड मैलावरून कोणाचा ट्रॅक्टर येतोय ते गाण्यावरून कळते. गिअर काय म्हणतोय ते चालकालाही कळत नाही.

तेलाच्या पातळीबाबत एक गैरसमज जुना आहे. जास्त भरले की गार राहील, असे मानून डिपस्टिकच्या खुणेच्या वर तेल ओतले जाते. परिणाम उलटा होतो. जोरात फिरणारे दात जास्त तेल घुसळतात आणि घुसळण्यातूनच उष्णता वाढते. फेस आला तर हायड्रॉलिकही बिघडते. उलट बाजूने, लांब चढावर तेल मागच्या भागाकडे सरकते, त्यामुळे पातळी कमी असली तर पुढची बेअरिंग कोरडी पडू शकतात. डिसेंबरच्या पहाटे घट्ट असलेले तेल मार्चच्या दुपारी पातळ असते, म्हणजे एकाच हंगामात वंगणाचे दोन स्वभाव. मार्चमधले तापमान बिघाडाला जास्त कारण होते. त्याच वेळी यंत्रही चार महिन्यांच्या ओढीने थकलेले असते.

गाळप बंद झाले की ट्रॉल्या सुटतात आणि पावसाआधी मिस्त्रीकडे तेल बदलायला यंत्रे येतात. निघालेल्या तेलाचा रंग, वास आणि चिकटपणा यावरून हंगाम कसा गेला ते वाचता येते. काळे आणि करपट तेल म्हणजे जादा तापलेले. दुधाळ म्हणजे ओढा किंवा चिखल ओलांडताना पाणी शिरलेले. खालच्या बुचाला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लोण्यासारखा लोखंडाचा कीस साठतो. तो बोटांत घेऊन चोळला की बारीक असेल तर झिजण्यातला, टोचला तर दातातला तुकडा. तुकडा निघाला तर पेटी उघडावी लागते. नुसता कीस असेल तर बूच पुसून पुन्हा बसवतात आणि नवे तेल खुणेपर्यंत भरतात.