राजवाड्यांचे खंड आणि एक लांबलचक पृष्ठ

कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ह्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ ह्या मालेचा पहिला खंड काढिला. पुढे २२ खंड झाले. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास ते निवर्तले, व त्यांची दप्तरे सांभाळण्यास तेथेच राजवाडे संशोधन मंडळ निघाले. ह्यांतील एक सबंध खंड आम्ही हौसेने एकाच एचटीएमएल फाईलीत घातला. जळगावच्या एका विद्यार्थ्याच्या मोबाईलवर तो उघडेना. ब्राउझर बिचारा फाईल पुरी येण्याची वाट पाहत नाही. येईल तितके दाखवू लागतो. परंतु प्रत्येक खूण तो स्मृतीत वृक्षरूपाने बांधून ठेवितो, आणि तेथेच दमतो. न दिसणाऱ्या भागाची मांडणी लांबणीवर टाकण्याची युक्ती २०२० साली क्रोममध्ये आली खरी. पण वृक्षाचे ओझे तिने हलके होत नाही. राजवाडे प्रत्येक पत्रास लेखांक देत. आम्हीही अखेर लेखांकागणिक पृष्ठ केले.